जपणुकीची शेवटची तारीख

सप्टेंबर २०२० मध्ये निन्टेन्डोने १९९६, २००२ आणि २००७ सालचे मारिओचे तीन खेळ एका संचात बांधून स्विच या खेळयंत्रासाठी साठ डॉलरला विकायला काढले आणि ३१ मार्च २०२१ नंतर विक्री बंद, हेही आधीच जाहीर केले. दूध नासते म्हणून पिशवीवर तारीख छापतात. हे खेळ नासत नव्हते, म्हणून तारीख छापावी लागली. वारसा जपायचा, पण सहाच महिने!

कंपनी म्हणजे धर्मादाय संस्था नव्हे, जुना खेळ नव्या यंत्रावर आणायला खर्च येतो, हा आक्षेप रास्तच. पण तो खर्च होऊन गेला होता, आणि डिजिटल प्रतीला गोदाम लागत नाही. जुन्या खेळांचाच २०२२ चा ‘अटारी ५०’ हा संच तर खेळांसोबत निर्मात्यांच्या मुलाखती नि जुनी कागदपत्रेही देतो. व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनच्या २०२३ च्या अभ्यासानुसार, २०१० पूर्वी अमेरिकेत आलेल्या खेळांपैकी ८७ टक्के तेव्हा बाजारात मिळत नव्हते. मारिओला ती चिंता नाही: २०२० च्या त्याच संचातला ‘गॅलक्सी’ २०२५ मध्ये नव्या वेष्टनात पुन्हा विक्रीला आला. वारसा जपल्याचे श्रेय हवे असेल, तर आधी दुकान उघडे ठेवा.