त्वचेच्या बंदोबस्ताविषयी काही सूचना

सूर्य हा अत्यंत वक्तशीर, लाच न घेणारा आणि कोणाच्याही शिफारसपत्राला भीक न घालणारा अंमलदार असल्यामुळे, त्याच्या अंमलाखाली नांदणाऱ्या रयतेने आपल्या त्वचेचा बंदोबस्त कसा राखावा हे पद्धतशीरपणे सांगून ठेवणे कोणाही जबाबदार लेखकाचे कर्तव्य ठरते. त्यातून आपला सगळा महाराष्ट्र कर्कवृत्ताच्या दक्षिणेस पडल्याने हा अंमलदार वर्षातून दोनदा आपल्या बरोबर डोक्यावर येऊन उभा राहतो. पुण्यात त्याची पहिली फेरी साधारण मेच्या मध्यास होते, आणि मुले गच्चीवर बाटली उभी करून तिची सावली बुडाशी कशी लुप्त झाली ते पाहतात. दुसरी फेरी जुलैच्या अखेरीस, आभाळाच्या पडद्याआड, गुप्तपणे पार पडते. आभाळ आले म्हणजे ऊन नाही, असा जो सार्वत्रिक समज आहे तो या गुप्त फेरीच्या पथ्यावर पडतो, कारण पातळ ढगांतून अतिनील किरणांचा बराच मोठा हिस्सा बिनदिक्कत खाली उतरत असतो.

पहिली सूचना वेळेसंबंधी. सकाळी दहापासून दुपारी चारपर्यंत उन्हाचा अंमल कडक असतो; आणि मनुष्याला कचेरी, बँक, तलाठ्याचे दप्तर आणि लग्नाचे मुहूर्त नेमके याच वेळात गाठावे लागतात, हा केवळ योगायोग मानण्यास माझे मन धजत नाही. ज्यांच्यापाशी घड्याळ नसेल त्यांनी स्वतःची सावली पाहावी: ती आपल्या उंचीहून आखूड झाली की आडोसा शोधावा, लांब झाली की बाहेर पडावे. या उपकरणास किंमत पडत नाही, परवाना लागत नाही, आणि बहुधा याच कारणास्तव कोणी त्याची जाहिरात करीत नाही.

आडोसा न मिळाल्यास सनस्क्रीनचा विचार करावा. दुकानात गेल्यावर प्रथम डबीवरचा आकडा पाहण्याची वहिवाट आहे, आणि आकडा जितका मोठा तितकी रयत निर्धास्त. हा एस.पी.एफ. नामक आकडा ठरविण्याची रीत अशी की, स्वयंसेवकांच्या पाठीवर लेप देऊन वर कृत्रिम सूर्याचा दिवा धरावा, आणि उघडी त्वचा लाल होण्यास जितका प्रकाश लागतो त्याच्या किती पट प्रकाश लेपाखालची त्वचा लाल होण्यास लागतो ते मोजावे. या हिशेबाने १५ आकड्याचा लेप लाली आणणाऱ्या किरणांपैकी सुमारे ९३ टक्के अडवतो, ३० चा ९७ आणि ५० चा ९८. म्हणजे तिसावरून पन्नासावर चढताना जे जादा दाम मोजावे त्याच्या मोबदल्यात एक टक्का पदरात पडतो. एवढ्या व्याजावर कोणी सावकार पैसे गुंतवणार नाही, पण सावकारालाही त्वचा एकच असते.

आता या साऱ्या मोजणीचा पाया लाली हा असल्याने आपल्याकडे एक घोटाळा संभवतो. गव्हाळ अथवा सावळ्या त्वचेला लाल होण्याची फारशी हौस नसते. ती तक्रार न करता रापते, काळवंडते, आणि इतकी वर्षे कोठे काय साचत गेले त्याचा जाब एकदम पन्नाशीत विचारते. हे काम बहुतांशी अतिनील किरणांपैकी यूव्हीए किरणांचे. ते त्वचेत खोल शिरतात, सुरकुत्यांची पेरणी करतात आणि एस.पी.एफ.च्या आकड्यात त्यांची नोंद जवळजवळ नसते. त्यांच्यासाठी जपानी प्रसाधन-उद्योगाने १९९६ साली पी.ए. नावाची निराळी प्रतवारी काढली आणि तिच्यापुढे अधिकची चिन्हे लावली. चाणाक्ष गिऱ्हाइकाने आकड्यापेक्षा ही चिन्हे मोजावीत, आणि ती नसल्यास ‘ब्रॉड स्पेक्ट्रम’ ही अक्षरे तरी आहेत की नाही ते चष्मा पुसून पाहावे. ज्यांच्या गालांवर वांग असेल त्यांनी रंग मिसळलेले, म्हणजे लोहाचे ऑक्साइड घातलेले सनस्क्रीन घ्यावे; कारण वांगाला अतिनील किरणेच नव्हेत, डोळ्यांना दिसणारा साधा उजेडही चिथावणी देतो. जस्ताच्या ऑक्साइडचा लेप भरवशाचा, परंतु सावळ्या चेहऱ्यावर तो असा पांढुरका चढतो की मनुष्य बाजाराला निघाला आहे की राजसूय यज्ञाच्या प्रवेशाला, याचा शेजाऱ्यांना उलगडा होत नाही.

निवडीवर इतका ऊहापोह केला, तरी खरी मेख मात्रेत आहे. डबीवरचा आकडा हा दर चौरस सेंटीमीटरला २ मिलिग्रॅम लेप दिल्यावर सिद्ध झालेला असतो. व्यवहारात याचा अर्थ असा की, चेहरा आणि मान यांसाठी तर्जनी आणि मधले बोट यांवर बुडापासून टोकापर्यंत ओढलेल्या दोन रेघा, म्हणजे निदान एक ग्रॅम. आणि उन्हात राहिल्यास दर दोन तासांनी तोच विधी पुन्हा. दिवसातून दोनदाच लावले तरी ५० ग्रॅमची ट्यूब महिना गाठत नाही. आणि आमच्या मध्यमवर्गीय घरांतून तर गुढीपाडव्याला आणलेली ट्यूब चौघांच्या चेहऱ्यांना पुरून दिवाळीत पाहुण्यांना दाखविण्याजोगी शिल्लक राहते! मोहरीएवढा ठिपका नाकाच्या शेंड्यावर ठेवून उरलेला चेहरा त्याच्या कृपेवर सोडून देणे ही काटकसर आहे हे मी नाकारीत नाही. मात्र पन्नासाचा आकडा विकत घेऊन पाव मात्रेत लावणाऱ्याने पन्नासाच्या संरक्षणाची मागणी करू नये. ज्यांची ही खोड सुटण्याजोगी नाही त्यांनी मात्र पन्नासच घ्यावा, म्हणजे पदरी काहीतरी पडेल. कोकणात आणि मुंबईत घाम आपला हिस्सा वेगळा वसूल करतो, तेव्हा तेथील रहिवाशांनी पाण्याला दाद न देणारा प्रकार पाहावा.

प्रवासाविषयी थोडे. साधी काच लाली आणणारी यूव्हीबी किरणे बव्हंशी अडवते, परंतु यूव्हीए किरणांना वाट देते. अमेरिकेत २८ वर्षे मालाची गाडी हाकलेल्या एका चालकाचे छायाचित्र २०१२ साली वैद्यकीय नियतकालिकात छापले गेले. त्याच्या खिडकीकडील डाव्या गालावर सुरकुत्यांची जी नांगरट दिसते ती उजव्या गालावर नाही. आपल्याकडे चालक उजवीकडे बसत असल्याने हे दुर्दैव उजव्या गालाच्या वाट्याला येते. एस.टी.च्या उतारूने मात्र जागा धरताना विवेक करावा: पुण्याहून कोल्हापूरकडे सकाळी निघाल्यास उजवीकडची खिडकी धरावी, दुपारी निघाल्यास डावीकडची. खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणाऱ्याला हा विवेक करण्यास अवधी मिळत नाही, हे खरे.

वस्त्रांच्या प्रकरणात आपल्या परंपरेचा लौकिक संमिश्र आहे. गांधी टोपीने देशाला स्वातंत्र्याच्या वाटेवर नेले, पण तिला काठ नसल्यामुळे नाक आणि कान ही दोन खाती ती उघडीच ठेवते. पांढरा पातळ सुती सदरा, त्यातून भिजलेला, किरणांना फारसा अटकाव करीत नाही. घट्ट विणीचे गडद कापड आणि आजोबांची काळी छत्री अधिक कामाची. दुचाकीवरच्या मुलींनी तोंडाला गुंडाळलेले स्कार्फ आणि कोपरापर्यंतचे हातमोजे पाहून ज्यांनी चंबळच्या खोऱ्याचे विनोद केले, त्यांनी स्वतःच्या मानेची मागची बाजू एकदा दोन आरसे धरून पाहावी. आणि भर उन्हात खुरपणीला जाणारी जी बाई साडीवर नवऱ्याचा पूर्ण बाह्यांचा जुना शर्ट चढवते, डोक्यावरून रुमाल घेऊन तो कानांवर घट्ट बांधते, तिने एस.पी.एफ.चे नाव ऐकलेले नसते. कोणत्याही मार्गदर्शनाची वाट न पाहता तिने हे सारे परस्पर उरकले, ही गोष्ट मार्गदर्शकाच्या दृष्टीने काहीशी अडचणीची आहे, सबब तिचा येथे अधिक विस्तार करीत नाही.

कोवळ्या उन्हाचे भक्त म्हणतील की या बंदोबस्तात ड जीवनसत्त्वाची उपासमार होते. त्यांना नम्रपणे कळवावयाचे की, ते जीवनसत्त्व यूव्हीबी किरणांनी बनते आणि ती किरणे कोवळ्या उन्हात फारच थोडी. तेव्हा वादात दोन्ही पक्ष सारखेच अडचणीत आहेत. गोरे होण्याच्या उमेदीने सनस्क्रीन घेणाऱ्यांचे अर्ज मात्र फेटाळण्यात येत आहेत. या देशातल्या सर्वांत विख्यात गोरेपणाच्या मलमानेसुद्धा २०२० साली आपल्या नावातून गोरेपणा वगळला. वधूवरांच्या जाहिरातींनी अद्याप तसा ठराव केलेला नाही.

ट्यूब स्कूटरच्या डिकीत ठेवू नये, उष्णतेने तिचे सत्त्व जाते. गतवर्षीची ट्यूब यंदाही निम्मी भरलेली आढळल्यास तिच्यावरील मुदत तपासावी. संपली असल्यास ती टाकावी, संपली नसल्यास पंधरवड्यात फस्त करून दाखवावी. चेहरा झाल्यावर मान घ्यावी, मानेनंतर कानांच्या पाळ्या, पायांचे पंजे, आणि ज्यांचे केस विरळ झाले असतील त्यांनी टाळू. टाळूसाठी दोन बोटांचे माप पुरेल की चार लागतील, हे ज्याचे त्याने दार लावून, आरशासमोर ठरवावे.