काका, तो फोटो नासाचा नाही

नववी ‘ब’ला समाजमाध्यमांचा जबाबदार वापर शिकवा, असं फर्मान मुख्याध्यापिकाबाईंनी काढलं. ते आलं शिक्षकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर, ‘शुभ सकाळ’च्या दोन गुलाबांच्या मधोमध. माझ्या मते वर्ग त्या ग्रुपचाच घ्यायला हवा होता. ‘जन गण मन’ला युनेस्कोने जगात पहिला नंबर दिल्याची थाप आमच्याकडे स्नेहसंमेलनाच्या माइकवरून सांगून झाली आहे, आणि ती सांगणारे सर विज्ञानाचे.

दिवाळीच्या रात्री नासाने टिपलेला म्हणून फिरणारा रंगीबेरंगी भारत मी मुलांपुढे ठेवला. एकीने फोटोवरूनच फोटो शोधला आणि माझं खडूचं टोक झिजायच्या आत निकाल लावला. चित्र २००३ सालचं, नोआ या अमेरिकी संस्थेच्या शास्त्रज्ञाने जुळवलेलं. पांढरे दिवे १९९२ पूर्वीचे. निळे, हिरवे, लाल हे अनुक्रमे १९९२, १९९८ आणि २००३ मध्ये दिसू लागलेले. म्हणजे वाढत्या वस्तीचा नकाशा. दिवाळीचा त्यात एक फुलबाजाही नाही. नासाने स्वतः खुलासा करूनही तो फोटो दर दिवाळीला फराळाइतक्याच नेमाने येतो.

हे सगळं हसण्यावारी नेता आलं असतं. पण १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी समजून जमावाने पाच भिक्षेकऱ्यांना ठेचून मारलं, तेही अशाच पसरलेल्या अफवेपायी. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचांनाच मेसेज पुढे ढकलायची मर्यादा जाहीर केली. नेटाने पाच-पाच करत सगळा गोतावळा पुरा करणारे लोक मी पाहिले आहेत.

थाप ओळखणं मुलांना दोन मिनिटांत जमतं. ती पाठवणाऱ्या थोरल्या काकांना तसं सांगायचं कसं, हा खरा अवघड धडा, आणि तो कुठल्याच पाठ्यपुस्तकात नाही. त्यावर मात्र आम्ही पूर्ण तास घातला. ‘हे फेक आहे’ हे पहिल्याच फेरीत बाद झालं. ‘अहो काका’मधलं ‘अहो’ भांडखोर वाटतं म्हणून गेलं. शेवटी ठरलं : ‘काका, फोटो फारच सुंदर आहे. फक्त तो नासाचा दिवाळीचा नाही, असं शाळेत कळलं. राग नसावा.’

वर्गातल्या एका मुलीने ते घरच्या ग्रुपवर टाकलं. काकांचं उत्तर आलं, ‘सहामाहीत गणितात किती पडले?’

रात्री त्यांनी तोच फोटो सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. खाली ओळ होती, ‘पुतणीच्या शाळेतही हाच दाखवला.’