आपण जिंकलो, त्यांनी घालवलं

युरोपातल्या फॉर्म्युला वन मोटारशर्यती उन्हाळ्यात आपल्याकडे संध्याकाळी साडेसहाला सुरू होतात. म्हणजे नेमक्या दिवेलागणीला. तिकडे ट्रॅकवर पाच लाल दिवे एकामागून एक लागतात आणि एकदम विझतात. त्याच वेळी इकडे आई देवापुढे एकच दिवा लावते आणि तो विझू नये म्हणून पंखा बंद करते. त्यामुळे मोन्झाची शर्यत मी दरवर्षी घामाघूम होऊनच बघतो. ड्रायव्हरचं वजनही शर्यतीत घामाने दोन-तीन किलो उतरतं म्हणतात. त्याचं उतरतं, माझं चढतं. कारण त्याच्या पुढ्यात स्टिअरिंग असतं आणि माझ्या पुढ्यात चिवडा.

मी फेरारीचा भक्त. इटलीत आमच्या जमातीला ‘तिफोसी’ म्हणतात. या शब्दाचं मूळ टायफसच्या तापात आहे, आणि घरच्यांना ते ऐकताक्षणी पटलं. उधळलेल्या घोड्याची लाल टोपी मी फर्ग्युसन रस्त्यावर घासाघीस करून घेतली. आईला ऐकायला जरा कमी येतं. तिने विचारलं, “फरारी? कोण रे फरारी?”

म्हटलं, “विजेतेपद. 2007 पासून.”

त्या साली ते किमी रायकोनेनने आणलं होतं. पुढे 2012 मध्ये, दुसऱ्या टीमकडून अबू धाबीत पळत असताना, इंजिनिअर रेडिओवरून त्याला मागच्या गाडीचं अंतर सांगू लागला. तर या गृहस्थाने, मला माझं करू द्या, मला कळतंय मी काय करतोय, अशा अर्थाचं सुनावलं आणि शर्यत जिंकून दाखवली. ते वाक्य छापलेला मग माझ्याकडे आहे. मी रोज त्यातून चहा पितो आणि कुठला शर्ट इस्त्रीला टाकायचा ते बायकोला विचारतो.

चाहत्याच्या भाषेत सर्वांत महत्त्वाचा शब्द ‘टर्बो’ नाही, ‘डाउनफोर्स’ नाही. तो आहे ‘आपण’. 2024 साली शार्ल लेक्लेर मोनॅकोत, स्वतःच्या गावच्या रस्त्यांवर जिंकला, तेव्हा आपण जिंकलो. 2022 साली त्याच रस्त्यांवर तो सर्वांच्या पुढून सुटला होता. पाऊस ओसरत असताना टायर बदलायचा मुहूर्त टीमने चुकवला. मग त्याला आत बोलावलं आणि तो आत वळल्यावर ‘बाहेरच राहा’ म्हणून कळवलं. आला चौथा. ते त्यांनी घालवलं. त्याच वर्षी हंगेरीत तो आघाडीवर असताना त्याला पांढऱ्या पट्ट्याचे कडक टायर चढवले. आला सहावा. तेही त्यांनीच घालवलं. मी पुण्यातून जीव तोडून ओरडत होतो, “अरे, पांढरे नको, पांढरे नको!” माझ्या स्वतःच्या स्कूटरचं मागचा टायर गोटा झालाय, हे ही त्या वेळी मला तिसऱ्यांदा सांगत होती.

प्रेमाइतकंच वैरही निष्ठेने करावं लागतं. 2008 च्या शेवटच्या शर्यतीत ब्राझीलला आपला फेलिपे मासा पहिला आला. आपल्याकडे मध्यरात्र उलटलेली. मी पेढ्यांचा पुडा सोडला. अर्ध्या मिनिटात, शेवटच्या वळणाशी, लुईस हॅमिल्टनने टिमो ग्लॉकला मागे टाकून पाचवी जागा घेतली आणि एका गुणाने विजेतेपद नेलं. पेढा माझ्या तोंडात होता. गिळावा की नाही, याचा निर्णय टीमकडून आला नाही. त्या रात्री मी हॅमिल्टनचं नाव टाकलं. पुढे त्याने शूमाकरची बरोबरी करत सात विजेतेपदं मिळवली, तरी ‘गाडीच चांगली आहे’ यापलीकडे मी शब्द काढला नाही.

मग फेब्रुवारी 2024 मध्ये जाहीर झालं की पुढच्या वर्षीपासून हॅमिल्टन फेरारीत. जाहीर करून तो वर्षभर जुन्याच टीमकडून पळत राहिला! महाराष्ट्रात राहणाऱ्या माणसाला पक्षांतराचं काही वाटत नाही. पण आधी सांगून, वर्षभर जुन्या घरी थांबून, काम पुरं करून केलेलं पक्षांतर आम्ही पहिल्यांदाच पाहिलं. मी त्याच संध्याकाळी सोसायटीत सांगितलं, “लुईससारखा ड्रायव्हर झाला नाही.” तळमजल्यावरचे काका म्हणाले, “तुम्ही तर परवापर्यंत...” म्हटलं, “काका, ते त्यांचं होतं. आता आपलं आहे.”

2025 मध्ये आपल्या लुईसने चीनमध्ये शनिवारची छोटी शर्यत जिंकली. दुसऱ्या दिवशी मी मुहूर्त साधून श्रीखंड आणलं. जेवणं उरकली आणि बातमी आली: तपासणीत फेरारीच्या दोन्ही गाड्या बाद. हॅमिल्टनच्या गाडीची तळाची फळी अर्धा मिलिमीटर जास्त झिजलेली आणि लेक्लेरची गाडी नियमापेक्षा एक किलोने हलकी. आठशेच्या जागी सातशे नव्व्याण्णव.

आई म्हणाली, “एक किलो? आपला भाजीवालासुद्धा इतकं मारत नाही रे.”

त्या अख्ख्या मोसमात रविवारच्या एकाही शर्यतीत हॅमिल्टन पहिल्या तिघांत आला नाही. हळूहळू माझ्या बोलण्यात त्याचं पुन्हा ‘तो हॅमिल्टन’ झालं. भक्तीचंही पिटमध्ये येणं-जाणं असतं.

कुणी म्हणेल, परक्यांसाठी एवढं? आपलं माणूस नाही का? आहे की! 19 जून 2005 ला इंडियानापोलिसला नारायण कार्तिकेयन चौथा आला आणि पाच गुण मिळवून गेला. मिशेलिनच्या टायरांचा धोका लक्षात आल्यामुळे चौदा गाड्या सुरुवातीआधीच आत गेल्या होत्या आणि पळायला सहाच उरल्या होत्या, हा तपशील मी ऑफिसात सांगितला नाही. गुणपत्रिकेत वर्गाचा पट लिहीत नाहीत.

आणि फेरारीशी तर आपलं थेट नातं. सचिनने ब्रॅडमनच्या 29 शतकांची बरोबरी केली म्हणून त्याला फेरारी भेट मिळाली, ती खुद्द शूमाकरच्या हातून. पुढे त्या गाडीवरच्या सीमाशुल्काच्या माफीवरून देशभर एवढा गदारोळ झाला की अखेर भेट देणाऱ्या कंपनीनेच एक कोटीच्या वरची रक्कम भरली. 2011 मध्ये नोएडाजवळच्या बुद्ध सर्किटवर भारतातली पहिली फॉर्म्युला वन शर्यत झाली. आधीच्या सरावात एक कुत्रं ट्रॅकवर येऊन पाहणी करून गेलं, आणि शर्यतीच्या शेवटी चौकटीचा झेंडा दाखवला सचिननेच. तिन्ही वर्षं फेटेल जिंकला. पण उत्तर प्रदेश सरकारने ठरवलं की हा खेळ नसून करमणूक आहे, सबब करमणूक कर. 2013 नंतर शर्यत आलीच नाही. ताशी तीनशेने पळणाऱ्या या गाड्यांना आपल्या देशात गाठलं ते फक्त करखात्याने. आणि खरं सांगायचं तर हा खेळ नाही, हे सरकारचं म्हणणं आमच्या घरी मी सोडून सगळ्यांना मान्य आहे.

परवा मुंबईहून परतत होतो. आमच्याकडे गाडी ही चालवते. मी रेडिओवर असतो. मेहुणा त्याच्या गाडीतून पुढे निघाला होता. मी हिशेब मांडला: तो फूड मॉलला वडा खायला थांबणार. आपण थांबायचं नाही, घाटाआधीच त्याला टाकायचं. “टायर गरम आहेत,” मी म्हणालो. “टँकरच्या मागे अडकू नकोस. आता घे. आता! मागे पांढरी गाडी, अंतर दोन सेकंद. पेट्रोल बघ. घाटात दुसऱ्यात टाक...”

“तू जरा गप्प बस,” ही समोर बघत म्हणाली. “मला कळतंय मी काय करतेय.”

पुढचा सगळा घाट मी खिडकीतून बाहेर बघत काढला.

मेहुण्याच्या आधी पंचवीस मिनिटं आम्ही पोचलो. आईने दार उघडलं. “लवकर आलात गं?”

“आलोच!” मी बूट काढत म्हणालो. “आपण जिंकलो.”

ही गाडीची किल्ली खुंटीला अडकवत होती. वळून म्हणाली, “आपण?”