टर्मिनलमधलं सोवळं

हिंजवडीच्या आमच्या ऑफिसात त्याला सगळे पंत म्हणतात. वय चौतीस, गळ्यात जानव्याऐवजी हेडफोन, आणि एकादशीला हटकून अंडाभुर्जी. पण सोवळं पाळावं तर पंतनंच. फक्त ते स्वयंपाकघरात नाही, टर्मिनलमध्ये.

त्याच्या लॅपटॉपवर आपण नुसती कमांड टाइप करायला घेतली तरी तो अंग चोरतो. "थांब! आधी कुठल्या एन्व्हायर्नमेंटमध्ये आहेस ते बघ." प्रॉम्प्टच्या सुरुवातीला कंसात प्रोजेक्टचं नाव दिसलं की त्याच्या जिवात जीव येतो. कंस नसला, तर कुणी चपला घालून देवघरात शिरल्यासारखा चेहरा करतो.

त्याच्या मशीनवर पाच पायथन, चार नोड आणि तीन जावा नांदतात, आणि एकाच्या ताटातलं दुसऱ्याला चालत नाही. पायथनचा संसार पायईएनव्हीकडे, नोडचा एनव्हीएमकडे, जावाचा एसडीकेमॅनकडे. कोपऱ्यात पायथन २.७.१८ असतो. पायथन २ चा कारभार १ जानेवारी २०२० ला अधिकृतपणे आटोपला आणि एप्रिलमध्ये ही शेवटची आवृत्ती निघाली. पण एका क्लायंटची पगारपत्रकाची स्क्रिप्ट अजून तिच्यावरच चालते. महिनाअखेरीला पंत गंभीरपणे 'पायईएनव्ही शेल २.७.१८' टाइप करतो, स्क्रिप्ट चालवतो आणि खिडकी बंद करतो. आम्ही त्याला मासिक श्राद्ध म्हणतो.

"इतके पायथन कशाला? सगळ्यात नवा तेवढा ठेवायचा ना," असं एका नव्या पोरानं विचारलं. पंतनं चष्मा पुसला. आम्ही चहाला पळालो, पोरगा सापडला.

"तू नुसतं 'पायथन' म्हटलंस की शेल काय करतं? पाथमध्ये लिहिलेल्या फोल्डरांची दारं पहिल्यापासून ओळीनं ठोठावतं. ज्या घरातून आधी 'ओ' येईल, तो तुझा पायथन. म्हणून पायईएनव्ही पहिल्याच दारात आपला माणूस बसवतं. त्याला शिम म्हणतात. तो विचारतो, कुठल्या फोल्डरातून आलात? तिथल्या फाइलीत लिहिलेला आकडा वाचतो आणि बरोबर त्या खोलीत पाठवतो."

"म्हणजे वॉचमन."

"वॉचमन झोपतो," पंत म्हणाला.

त्याच पोरानं पुढच्या आठवड्यात यामल फाइलीत पायथन ३.१० असं अवतरणचिन्हांशिवाय लिहिलं. यामलनं तो दशांश अपूर्णांक धरला, शेवटचं शून्य गिळलं आणि बिल्ड २००९ सालचा ३.१ शोधत बसला. "शाळेत दोन्ही सारखेच शिकवले होते," पोरगा पुटपुटला. "शाळेत," पंत म्हणाला. "इथे नवानंतर दहा येतात."

मीही पंतला हसायचो. मग एकदा उबुंटूवर, नवा पायथन हवा म्हणून, मी सिस्टिमचाच पायथन३ परस्पर दुसरीकडे जोडून दिला. दुसऱ्या दिवशी टर्मिनल उघडेना. ते उघडून देणारी स्क्रिप्टच पायथनमध्ये लिहिलेली होती! दुरुस्तीला टर्मिनल हवं, आणि टर्मिनल उघडायला दुरुस्ती. पंत आला, कंट्रोल-आल्ट-एफ३ दाबून काळ्या पडद्यावर उतरला, जुनी जोडणी परत केली आणि एवढंच म्हणाला, "देवघरातल्या निरांजनावर चहा ठेवत नाहीत."

पुढे डेबियन आणि उबुंटूही सोवळ्यात आले. आता सिस्टिमच्या पायथनमध्ये पिपनं काही घालायला गेलं की ते साफ नकार देतं. तरीही हट्ट असेल तर कमांडीला 'ब्रेक सिस्टिम पॅकेजेस' असं शेपूट जोडावं लागतं, म्हणजे घर मोडायला आपली हरकत नाही असं स्टॅम्पपेपरवर लिहून द्यायचं. ही बातमी कळली त्या दिवशी पंतनं सगळ्या टीमला स्वतःच्या पैशानं चहा पाजला. असा प्रसंग तोवर आला नव्हता.

गेल्या मे महिन्यात पंत आठ दिवस कोकणात गेला, तेही रेंज नसलेल्या गावात. नेमका तेव्हाच नवीन लॅपटॉपवर त्याचा प्रोजेक्ट उभा करायची वेळ आली. सगळ्यांनी देव पाण्यात ठेवले. नव्या पोरानं कोड उतरवला, 'पायईएनव्ही इन्स्टॉल' म्हटलं, 'एनव्हीएम इन्स्टॉल' म्हटलं. दोघांनी आपापली आवृत्ती न विचारता आणली आणि प्रोजेक्ट चालू झाला. फोल्डरात टिंबानं सुरू होणाऱ्या, एकेका ओळीच्या दोन फाइली होत्या. एकीत पायथनचा आकडा, दुसरीत नोडचा.

माझी आजी सोवळ्यात असली की सगळं घर भेदरलेलं असायचं, कारण नियम तिच्या एकटीच्या डोक्यात असत आणि मोडल्यावरच आम्हाला कळत. पंतचं सोवळं तिच्याहून कडक आहे. पण त्यानं ते लिहून ठेवलंय.