खातो किती, ते विचारू नका

बाजार सावद्याचा असो की धुळ्याचा, बैल बघायची रीत एकच. दात बघायचे, शिंगांचा बाक बघायचा, भोवरा कुठे पडलाय ते तपासायचं, चार पावलं चालवून घ्यायचा. निमाडी असो की ठिल्लारी. मग रुमालाखाली हात, बोटं दाबली की हजारांचा सौदा.

एवढ्या तपासणीत एक प्रश्न कोणी विचारत नाही. ‘भाऊ, हाऊ कितलं खास?’

विचारून बघाच. हेडी असा बघेल, जणू सोयरीक जमवायला आलात आणि नवरदेवाच्या ताटातल्या भाकरी मोजल्यात.

अमेरिका-ऑस्ट्रेलियात मांसासाठी गोवंश पाळणाऱ्यांचा मात्र जीव याच प्रश्नात अडकलेला. १९६३ मध्ये तिथल्या पैदासतज्ज्ञांनी हिशेब मांडला: एवढ्या वजनाच्या, एवढ्या वेगाने वाढणाऱ्या जनावराला खायला किती लागावं आणि त्याने प्रत्यक्षात खाल्लं किती? आता तर गोऱ्ह्याच्या कानात बिल्ला, गव्हाणीखाली काटा. तोंड घातलं की घास मोजला. सुमारे ७० दिवस हेच. कमी खाऊन तेवढाच वाढला, तो वळू. बाकीचे ताटात.

आपल्याकडे ‘बाकीचे’ जाणार कुठे?

गाय १९७६ च्या कायद्यानेच सुटली होती. मार्च २०१५ पासून राज्यात बैल आणि वळूही कत्तलीतून सुटले. म्हैस-रेडा त्या बंदीच्या बाहेरच राहिले, आणि त्यांच्याच जिवावर देश असल्या मांसाच्या निर्यातीत जगात वरच्या रांगेत बसला. त्यासाठी रेडकाची निवड कोणी, कधी केली? म्हैस आटली, रेडकू उरलं. झाली निवड!

मग हा वाढीचा नि चाऱ्याचा हिशेब आपल्या काय कामाचा, असं म्हणाल. उलट, खरा आपल्याच कामाचा. त्यांचा गोऱ्हा दीड-दोन वर्षं खातो आणि जातो. आपला बैल पंधरा-वीस वर्षं खातो. त्यातली शेवटची काही नुसती बसून.

खादाड जनावर परवडलंच, तर त्यांना परवडेल.

चारशे किलोच्या बैलाला रोज आठ ते दहा किलो कोरडा चारा लागतो. त्यातला एक किलो वाचला, तर पंधरा वर्षांत साडेपाच टनांच्या आसपास. पेंढ्या किती होतात, ते तुम्हीच मोजा. शिवाराचं चित्र तर ठाऊकच आहे: दादर ज्वारी हटली, कपाशी आली. पऱ्हाटी चुलीत जाते, बैलाच्या पोटात नाही. उरली ढेप आणि चुनी. त्यांचे भाव विचारायची सोय नाही.

‘देशी जनावर नुसत्या कडब्यावर उभं राहतं’ हे सगळ्यांना माहीत आहे. किती कडब्यावर, हे कोणालाच नाही.

पोल्ट्रीवाल्याला विचारा. किलोभर वजनाला खाद्य किती? पावणेदोन किलोच्या आसपासचं उत्तर दशांशासकट तोंडपाठ. सहा आठवडे जगणाऱ्या कोंबडीचा हिशेब दशांशात, वीस वर्षं जगणाऱ्या बैलाचा देवावर.

सरकार काहीच करत नाही असं नाही हं. कानात पिवळा बिल्ला आहे, त्यावर बारा आकडे. १ जून २०२४ पासून बिल्ल्याशिवाय बाजारात खरेदी-विक्री नाही. बारा आकड्यांत खाण्याचा एकही नाही!

त्याच वर्षी ५ ऑक्टोबरला वाशिमला पंतप्रधानांच्या हस्ते ‘गौचिप’ आली. जनावराची जनुकं वाचणारी. उत्तम. पण चिप नुसती वाचते. कोणतं जनुक कमी चाऱ्यात भागवतं, हे कळायला आधी हजारो जनावरांच्या गव्हाणीची नोंद लागते. दुधाच्या नोंदी थोड्याफार सापडतील. चाऱ्याची वही कोणाकडे आहे? हात वर करा.

बघा, बाजार समितीतही शांतता.

वाशिमच्या आधी पाच दिवस, ३० सप्टेंबरला, देशी गाय ‘राज्यमाता’ झाली. गोशाळेतल्या देशी गायीला रोज ५० रुपये ठरले. पन्नास रुपयांत ढेप, चुनी आणि कडबा बसवून दाखवणाऱ्या गृहिणीला अर्थखातंच द्यायला हवं. बैलाला अजून कोणी राज्यपिता म्हटलेलं नाही. त्याचं खाणं मालकाच्या खिशातून. पोळ्याच्या दिवशी पुरणपोळी, तीही.