भयव्रत : अधिकार, साहित्य आणि पथ्ये

हे व्रत कोणालाही करता येते, अट एकच. ‘माझा भुताखेतांवर अजिबात विश्वास नाही’ हे वाक्य त्याला दिवसाउजेडी, चारचौघांत, खणखणीत आवाजात म्हणता आले पाहिजे. ज्याचा खरोखरच विश्वास असतो तो कपाळाला अंगारा लावून नऊ वाजता झोपून जातो. त्याला भयकथेची गरज पडत नाही. व्रत विवेकवाद्यांचे आहे, आणि ते रात्री अकरानंतर करायचे आहे.

मुहूर्ताला अमावस्या लागत नाही. घरची माणसे लग्नाला परगावी गेली आहेत आणि आपल्याला रजा मिळालेली नाही, हा उत्तम योग. त्यात वीज गेली तर दुधात साखर.

साहित्यात पहिला मान पांघरुणाचा. मे महिना असो, घामाच्या धारा लागोत, पाय आतच हवेत. पलंगाबाहेर गेलेला अंगठा भुताच्या हद्दीत मोडतो. भिंतीतून आरपार जाणाऱ्याला सुती चादर कशी अडवते, याची चिकित्सा करू नये. उशाशी पाण्याचा तांब्या ठेवावा, म्हणजे स्वयंपाकघरात जावे लागत नाही. उशाशी ठेवलेले पाणी प्यायल्यावर थोड्या वेळाने दुसरीकडे जावे लागते, त्याबाबत शास्त्र गप्प आहे. लोकाचार शेवटी दिला आहे.

ग्रंथ नारायण धारपांचा किंवा रत्नाकर मतकरींचा घ्यावा, आणि तो वाचनालयाचाच हवा. नव्या कोऱ्या प्रतीला गुण येत नाही. खाकी कव्हर, पिवळी पडलेली पाने, मधेच चहाचा डाग, आणि कुणा पूर्वसूरीने समासात पेन्सिलीने लिहून ठेवलेले ‘रात्री वाचू नये’. त्या पानाच्या पुढे त्या अक्षरातली एकही नोंद सापडत नाही, हे ध्यानात आले की व्रताला आरंभ झाला असे समजावे.

वाचताना डोळा लबाडी करतो. पान उलटले रे उलटले की तो तळाच्या ओळीवर उडी मारतो, तिथे ‘थंडगार बोटे’ एवढे दोन शब्द टिपतो आणि साळसूदपणे पहिल्या ओळीवर परत येतो. म्हणून खालचे अर्धे पान जुन्या लग्नपत्रिकेने झाकावे आणि ती ओळीओळीने खाली सरकवावी. सिनेमात डोळे मिटले तरी प्रसंग पुढे सरकतो आणि आपल्यावाचून आटोपतो. पुस्तकात ती सोय नाही. जिन्याच्या वरच्या पायरीवर जे कोणी उभे आहे ते, तुम्ही पान उलटेपर्यंत, उभेच असते. तुम्ही पुस्तक मिटलेत, जेवलात, हात धुतलेत, बातम्या पाहिल्यात, तरी ते तिथेच. कपाटात टाकून कडी लावलीत तर आता ते तुमच्या कपाटात उभे. त्याला तिथून हलवायचा मार्ग एकच, तो म्हणजे वाचत राहणे. आणि पान आपल्याच बोटाने उलटायचे असल्यामुळे पुढे जे घडेल त्याबद्दल कोणाकडे दाद मागता येत नाही. माझ्या मते वाचणाऱ्याला पाहणाऱ्यापेक्षा दुप्पट पुण्य मिळायला हरकत नाही.

पाहणाऱ्याने रिमोट हातात आणि अंगठा आवाजाच्या बटणावर ठेवावा. आवाज बंद केला की पडद्यावर उरते ती केस मोकळे सोडून रात्री अंगणात फिरणारी पांढऱ्या साडीतली बाई. बहुधा झोप येत नसावी. सगळे भय त्याआधीच्या शांततेत आणि मग एकदम आदळणाऱ्या आवाजात भरलेले असते. त्या दणक्याला आधी अंग दचकते, डोक्याला विचार करायची संधी नंतर मिळते. काटा येतो तोही आपल्याला न विचारता : केसांच्या मुळाशी असलेले बारीक स्नायू आखडतात. अंगभर दाट केस असलेला प्राणी त्यामुळे फुगून मोठा दिसतो आणि शत्रू बिचकतो. आपल्या दंडावरच्या विरळ लवेला बघून कुठली हडळ बिचकणार?

सोबतीला एक मावशी असावी. ‘एकटी कशाला तडमडते मेली माळ्यावर!’, ‘अगं, आधी दिवा तरी लाव!’ अशी तिची सूचना वेळोवेळी येत राहिली की श्वास चालू राहतो. कोकणातली आजी मात्र सोबतीला घेऊ नये. मुंजा पिंपळावर, गिऱ्हा पाण्यात, देवचार गावाच्या राखणीला, अशी सगळ्यांची हद्द तिला तोंडपाठ असते. नायिका किंचाळते, आपण उशी आवळतो आणि आजी चष्मा पुसत म्हणते, ‘हेचे पाय सरळ आसत. ह्या कसला भूत!’ व्रत तिथेच मोडते.

भयाची निवड करताना परदेशी सरदार टाळावेत. दोन खोल्यांच्या घरात बुरूज नाही, तळघर नाही, शवपेटी ठेवायला जागा नाही. धारपांना हे नेमके कळले होते. स्टीफन किंगच्या ‘सालेम्स लॉट’वरून त्यांनी ‘लुचाई’ लिहिली आणि ती रक्तपिपासू मंडळी आपल्या ओळखीच्या मुलखात आणून बसवली. ओळखीचे तेच जास्त भिववते. १९९३ साली नागझिऱ्याच्या जंगलात एका मित्राने राही अनिल बर्वे यांना धारपांची एक कथा सांगितली. बर्वे यांचा ‘तुंबाड’ पडद्यावर आला २०१८ साली. एकदा ऐकलेली गोष्ट पंचवीस वर्षे पुरली. (आपण तीन रात्री धराव्यात.) त्या सिनेमात सोन्याच्या नाण्यांचा धनी हस्तर आहे, पण घरी परतल्यावर छातीवर बसते ती साखळीने बांधलेली, जेवायला मागणारी म्हातारी.

विनोदी म्हणून मिळालेल्या भयाकडे दुर्लक्ष करू नये. १९९३चाच ‘झपाटलेला’ घ्या. महेश कोठारे यांनी तो हसवायला काढला, लक्ष्मीकांत बेर्डे यांनी हसवलेही, आणि रामदास पाध्ये यांच्या बाहुल्याने पोरांच्या एका पिढीची झोप उडवली. शोकेसमधली बाहुली भिंतीकडे तोंड करून बसवावी लागली. मग ती तोंड वळवेल का याची धास्ती. माळ्यावरच्या ट्रंकेत घातली, तर आत काय करत असेल याची. तीस वर्षांनीही त्या मुलांना आपल्या मुलीसाठी बाहुली आणताना दुकानात डोळे मिटणारी चालत नाही आणि न मिटणारीही चालत नाही.

अद्भुतकथेचे पथ्य सौम्य आहे. दर खेपेला तोंड उघडून वेताळाला झाडावर परत पाठवणाऱ्या विक्रमाची अक्कल काढू नये, इतकेच.

आता राहिला तो लोकाचार. मध्यरात्री जाण्याची वेळ आलीच तर प्रथम पहाटेला किती अवकाश आहे ते पाहावे. फार असेल तर वाटेतले सर्व दिवे क्रमाने लावावेत, जाताना मोठ्याने खाकरावे, आरशात बघू नये आणि परतताना धावू नये, झपझप चालावे. हेही जमत नसेल आणि घरात कोणी असेल तर त्या व्यक्तीला उठवावे. कारण विचारल्यास भुताचे नाव काढू नये. बाथरूममध्ये पाल आहे म्हणून सांगावे. ती व्यक्ती पालीला घाबरणारी निघाली, तर दोघांनीही सकाळपर्यंत कळ काढावी.