अंगठेबहाद्दर

नाशिकमध्ये सायकल उभी केली की दोन मिनिटांच्या आत कोणीतरी येऊन टायर दाबतं. ओळख लागत नाही. सोमेश्वरपाशी चहाला थांबा, सकाळी फिरायला निघालेले एखादे काका वाकडी वाट करून येतात, अंगठ्याने मागचं चाक दाबतात आणि निकाल देतात, "हवा कमी आहे." निकाल कायम हाच. "हवा जास्त झाली, थोडी सोडा" असं आजवर कोणी म्हटल्याचं ऐकिवात नाही. २८ मिलिमीटरच्या टायरमध्ये ६० पीएसआय असो की ९०, अंगठ्याला दोन्ही सारखेच कडक लागतात. पण हे काकांना सांगणार कोण? तोवर ते पुढचं चाक दाबायला गेलेले असतात.

याला गावाची कीर्तीही कारणीभूत आहे. २०१५ साली डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या नाशिकच्या भावांनी 'रेस अॅक्रॉस अमेरिका' ही सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत जोडीने, नऊ दिवसांच्या आत पूर्ण केली. २०१७ साली लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुलनाथ यांनी तीच शर्यत एकट्याने पुरी केली. असे ते पहिले भारतीय. तेव्हापासून गंगापूर रोडवरच्या प्रत्येक माणसाला आपण त्या पराक्रमाचे किरकोळ का होईना, भागीदार आहोत असं वाटतं. आणि भागीदाराला माल दाबून बघायचा हक्क असतोच.

टायर जितका टणक तितकी सायकल पळते, ही समजूत एकट्या काकांची नाही. भले भले शर्यतपटू वर्षानुवर्षं २३ मिलिमीटरचे टायर शंभराच्या वर फुगवून, दात वाजवत जात होते. कारण चाचणी व्हायची ती प्रयोगशाळेतल्या गुळगुळीत पोलादी ढोलावर. ढोलावर टणक टायर जिंकतो, यात शंका नाही. फक्त ढोलावरून कोणी त्र्यंबकला जात नाही. खडबडीत रस्त्यावर टणक टायर प्रत्येक खड्यावर उडी मारतो, ती उडी बसणाऱ्याच्या मणक्यात जाते, आणि पुढे जाण्यासाठी लावलेली ताकद अंग हलवण्यात खर्च होते. हे लक्षात आल्यावर युरोपातले व्यावसायिक निमूटपणे २८ मिलिमीटरवर आणि त्याहून रुंद टायरांवर आले, हवा पाच बारच्या आसपास, म्हणजे सत्तरेक पीएसआयवर उतरली, आणि वेग काही कमी झाला नाही.

खरं तर एवढं शिकायला इतकी वर्षं लागायला नको होती. बेलफास्टच्या डनलॉप नावाच्या गुरांच्या डॉक्टरने १८८८ मध्ये मुलाच्या तीनचाकीला हवेचा टायर बसवला, तो पोराला धक्के बसू नयेत म्हणून. पुढच्याच वर्षी विली ह्यूम नावाच्या गड्याने तसले टायर लावून भरीव रबरवाल्यांना शर्यतीत मागे टाकलं. म्हणजे हवेचा टायर जिंकला तो धक्के गिळतो म्हणून. आता आपण त्यात इतकी हवा कोंबतो की तो पुन्हा भरीव होतो.

टायरच्या कडेवर कंपनी कमाल आकडा छापते. तो वाचून लोक बरोबर तेवढीच हवा भरतात. लिफ्टमध्ये 'कमाल सहा व्यक्ती' लिहिलंय म्हणून सहावा माणूस येईपर्यंत खोळंबून राहिलेलं मात्र कोणी दिसत नाही.

मग भरायची किती? सत्तर किलोचा माणूस, २८ मिलिमीटरचा टायर, आत ट्यूब असेल तर पुढे ६५ आणि मागे ७० पासून सुरुवात करावी, मागच्या चाकावर वजन जास्त येतं म्हणून. हे झालं सरळ रस्त्याचं. पण सिंहस्थ २०२७ चा, त्यामुळे गावात रस्ता नावाची वस्तू सध्या हप्त्याहप्त्याने मिळते. दोनशे मीटर नवं काँक्रीट, मग पेव्हर ब्लॉक, मग खोदून मातीने बुजवलेला चर, मग त्या चराची आठवण म्हणून ठेवलेला उंचवटा. काँक्रीटला ८० चालेल, पेव्हर ब्लॉकला ६० बरी. आणि ६० वर खड्ड्याची धार गाठलीत की ट्यूब रिम आणि टायरच्या मध्ये चेमटून साप चावल्यासारखी शेजारी शेजारी दोन भोकं पडतात. तेव्हा आपल्या टायरमधली किमान हवा आपण ठरवत नाही, खड्डा ठरवतो.

आमच्या रविवारच्या मंडळींत एक अभियंते डिजिटल गेज बाळगतात. ते गेज आणि माझ्या पंपाचा काटा यांच्यात कायम पाच-सहा पीएसआयचं भांडण असतं. त्यात पंप नुसता जोडून पाहिला तरी टायरमधली थोडी हवा नळीत जाते, म्हणजे हवा किती होती हे बघताना ती तितकी राहत नाही. जानेवारीत पहाटे दहा अंशांत भरलेले ८० दुपारी तीस अंशांत सहा-सात पीएसआयने वाढतात. हे अभियंत्यांना माहीत आहे, म्हणून ते अंजनेरीला थांबून पुन्हा मोजतात. आम्ही थांबतो. त्यांचा वेग वाढावा म्हणून आमचा एकूण वेळ वाढतो.

पंप घरी राहिला तर पेट्रोल पंपावर 'मोफत हवा' असा फलक असतो. यंत्र चालू असेल तर त्याचं तोंड मोटारीच्या व्हॉल्व्हला बसणारं. आपला प्रेस्टा व्हॉल्व्ह उदबत्तीएवढा. मधला पितळी अडॅप्टर सहज मिळतो, आणि घरच्या ड्रॉवरमध्ये सुरक्षित असतो.

राहता राहिलं पंक्चरचं दुकान. तिथे कंप्रेसर आहे, अडॅप्टर खिळ्याला टांगलेला आहे, गेज तेवढं नाही. "पुढे ६५, मागे ७०," मी म्हणतो.

"साहेब, बुलेटला तीस टाकतो आम्ही. सायकलला सत्तर?"

टायर जितका बारीक तितका दाब जास्त लागतो, हे मी समजावून सांगतो. तो शांतपणे ऐकून घेतो, नळी लावतो, फुस्स फुस्स आवाज करत स्वतःचं समाधान होईपर्यंत भरतो आणि टोपण फिरवत म्हणतो, "चांगली दाबून भरलीय. आता बघा कशी पळते."

दहा रुपये.